तीळ, भोवरी, वळ, वण

नाकपुडीच्या कडेला एक काळसर, चकचकीत दाणा दिसायला लागतो. मोहरीएवढा. घरातलं कोणीतरी म्हणतं, तीळ आहे. वर्षभरात तो तुरीच्या डाळीएवढा होतो, तेव्हा त्याला मस म्हणतात. मग एक दिवस टॉवेलने तोंड पुसताना त्यातून रक्त येतं, खपली धरते, आणि तो पुळी होतो, 'उष्णतेची'. खपली पडते, पुन्हा धरते, पुन्हा पडते. आता ती जखम असते, 'सारखा हात लावतो म्हणून न भरणारी'. माणूस त्वचारोगतज्ज्ञासमोर जाऊन बसतो तोवर त्या दाण्याने चार नावं बदललेली असतात आणि प्रत्येक नावाने त्याला सहा-आठ महिन्यांचं अभय मिळालेलं असतं. पाचवं नाव तपासणीच्या कागदावर छापून येतं: बेसल सेल कार्सिनोमा.

जगभरात माणसाला होणाऱ्या सगळ्या कर्करोगांत हा संख्येने पहिला आणि स्वभावाने बहुधा सगळ्यात मवाळ. तो शरीरात दुसरीकडे पसरल्याची उदाहरणं फारच विरळा. त्याचं काम जागच्या जागी चालतं, हळूहळू खात जाण्याचं. डब्लिनच्या आर्थर जेकब या डॉक्टरने १८२७ साली पापण्यांवरच्या अशा जखमांचं वर्णन केलं. पुढे त्यांना 'रोडंट अल्सर' म्हणायला लागले, म्हणजे उंदराने कुरतडावं तशी जखम. नाव किळसवाणं असलं तरी नेमकं आहे. लवकर सापडला तर पाच-सहा टाक्यांत संपणारा हा आजार दहा वर्षं पोसला तर नाकाची पाकळी किंवा पापणी घेऊन जातो.

आपली भाषा कातडीच्या बाबतीत श्रीमंत आहे. तीळ, मस, चामखीळ, लाखं, वांग, चट्टा, वण, वळ, कुरूप, भोवरी, नखुरडं. डाग म्हणून भागवलं असं मराठीने केलेलं नाही. पण एखाद्या गोष्टीला नाव मिळालं की आपण तिच्याकडे पाहणं थांबवतो. त्वचेच्या कर्करोगाची दृश्य लक्षणं कोणती, या प्रश्नाचा आढावा म्हणूनच मला या नावांच्या वाटेने घ्यावासा वाटतो. तो आपल्याकडे कोणत्या नावाखाली लपतो, हे कळलं तर अर्धं काम झालं.

आधी थोडी घरमांडणी. त्वचेच्या वरच्या पडद्यात सगळ्यात खाली बेसल पेशींची एक रांग असते, तिच्यावर चपट्या होत जाणाऱ्या स्क्वेमस पेशींचे थर, आणि तळाच्या रांगेत मध्ये मध्ये बसलेल्या, रंग तयार करणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी. या तिघींपासून तीन मुख्य कर्करोग होतात: बेसल सेल कार्सिनोमा, स्क्वेमस सेल कार्सिनोमा आणि मेलॅनोमा. पहिला सावकाश चरतो, दुसरा त्याहून घाईने वाढतो आणि गाठींमध्ये उतरू शकतो, तिसरा संख्येने थोडा पण सगळ्यात घातक. गोऱ्या लोकांत पहिल्याची संख्या इतकी मोठी की बाकीचे झाकून जातात. भारतातल्या जुन्या रुग्णालयीन नोंदींत मात्र बहुतेक वेळा स्क्वेमस पुढे दिसतो. अलीकडच्या काही पाहण्यांत बेसलने त्याला गाठलं किंवा मागे टाकलं आहे. एकूण कर्करोगांत त्वचेचा वाटा आपल्याकडे लहान आहे, एक-दोन टक्क्यांच्या आसपास. हे मोठं सुख आहे, आणि त्याचं श्रेय आपल्या रंगाला आहे. काळ्या त्वचेच्या वरच्या थराचं उन्हापासूनचं नैसर्गिक संरक्षण मोजलं गेलं तेव्हा ते सनस्क्रीनच्या भाषेत साधारण १३ भरलं, गोऱ्या त्वचेचं जेमतेम ३. आपण सावळे-गव्हाळ लोक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. ज्या रंगाला लग्नाच्या बाजारात नाकं मुरडली जातात तो रंग आयुष्यभर फुकट छत्री धरून उभा असतो.

पण त्याच रंगामुळे ओळखण्यात घोळ होतो. त्वचेच्या कर्करोगाची पुस्तकं, भिंतीवरचे तक्ते, मोबाइलवर शोधल्यावर येणारी छायाचित्रं, सगळी बहुतांशी गोऱ्या कातडीची. त्यांत बेसल सेल कार्सिनोमा गुलाबी, मोत्यासारखा अर्धपारदर्शक, बारीक लाल रक्तवाहिन्यांचं जाळं असलेला दिसतो. आपल्या त्वचेवर गुलाबी रंग उमटतच नाही. तो जांभळट किंवा तपकिरी होतो. बॉस्टनच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे प्रकार पाडले ते मूळचे गोऱ्यांपुरतेच होते, उपचारात अतिनील किरणांची मात्रा ठरवण्यासाठी; तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार मागाहून जोडले गेले. लंडनमध्ये मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांच्या साथीने २०२० साली 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली ती याच त्राग्यातून: काळ्या त्वचेवर हे कसं दिसतं, हे वर्गात कोणी दाखवतच नव्हतं. आणि आता जी संगणकाची हुशारी डाग बघून निदान सांगू पाहते, तीही त्याच पुस्तकांत शिकलेली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ साली तपासलं तेव्हा अशा प्रणाली गडद त्वचेवर जास्त चुकत होत्या. तेव्हा मोबाइलने 'काळजीचं कारण नाही' म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नये.

आपल्या त्वचेवर बेसल सेल कार्सिनोमा बहुतेकदा काळा असतो. गोऱ्यांमध्ये रंगीत प्रकार शंभरात पाच-सात, गडद त्वचेच्या लोकांत निम्म्याहून अधिक. म्हणून त्याचं पहिलं टोपणनाव तीळ. खऱ्या तिळापासून त्याला वेगळं काढणाऱ्या तीन-चार खुणा आहेत आणि त्या घरच्या आरशात दिसतात. एक, वय: तीळ बहुधा लहानपणी आणि तरुणपणी उगवतात, चाळिशी-पन्नाशीनंतर चेहऱ्यावर एकटाच नवा 'तीळ' आला तर त्याला वयाचा दाखला विचारावा. दोन, कड: मध्ये किंचित खोलगट, बाजूने गुंडाळलेल्या किनारीसारखी उंच कड, आणि त्या कडेला ओल्या काळ्या मण्याची चकाकी. विजेरी समोरून न धरता बाजूने तिरकी धरली आणि दोन बोटांनी कातडी थोडी ताणली की ही कड उठून दिसते. तीन, जागा: असे दहापैकी आठ डाग मानेच्या वर असतात. नाक, नाकाच्या बाजूची घडी, डोळ्याचा आतला कोपरा, कपाळ, कानाची मागची बाजू. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, त्याचं वागणं: दाढीचं पातं किंवा टॉवेल लागल्याबरोबर रक्त, मग खपली, मग बरं झाल्याचा देखावा, आणि पुन्हा तेच. दुखत नाही. न दुखणं हे आपल्याकडे न तपासण्याचं सबळ कारण मानलं जातं.

सगळेच असे मणीदार नसतात हेही सांगायला हवं. एक प्रकार पाठी-पोटावर पातळ, खवलेदार चट्ट्यासारखा पसरतो आणि वर्षानुवर्षं गजकर्णाच्या मलमाखाली दडून राहतो. दुसरा, जरा दुष्ट, चेहऱ्यावर एखाद्या जुन्या वणासारखा मेणचट, घट्ट भाग बनून राहतो. जखम कधी झालीच नव्हती, मग वण कुठून आला, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येत नाही. वरून दिसतो त्याहून आत तो बराच रुंद पसरलेला असतो.

आता 'वळ'. इथे ही गोष्ट थेट आपल्या घरात येते.

वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) हे भारतातल्या विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, आद्य पुरुष मानले जातात. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडलं तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे होती. रुग्णाची गाठ कुठे आहे एवढं पाहून ते थांबत नसत. हा माणूस काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हे विचारत. त्यातून १९४५ साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी एक निबंध लिहिला, रूढी-सवयींशी जोडलेल्या भारतातल्या तीन नव्या कर्करोगांबद्दल. त्यांतला एक होता धोतराचा. कंबरेला रोज त्याच जागी, त्याच ताणाने, उन्हाळ्या-पावसाळ्यात, घामाने भिजलेलं धोतर आवळलं जातं. कातडीवर वळ उठतो. वर्षानुवर्षं तो वळ जात नाही. तिथला रंग आधी गडद होतो, मग कुठे कुठे उडतो, कातडी जाड आणि खवलेदार होते, तिला भेगा पडतात. आणि फार थोड्या लोकांत, फार वर्षांनी, त्या भेगेच्या जागी न भरणारी जखम होते आणि तिच्यात स्क्वेमस पेशींचा कर्करोग सापडतो. उन्हाचा इथे काही संबंध नाही. जिथे ऊन कधीच पोचलं नाही अशा जागेवरचा हा त्वचेचा कर्करोग. पाश्चात्त्य तक्त्यात त्याला खण नव्हता.

धोतर गेलं, पण वळ राहिला. साडीच्या आत परकर आला आणि परकराबरोबर नाडी. धोतराचा पट्टा निदान रुंद असतो. नाडी म्हणजे सुतळी. सगळा ताण एका रेघेवर. पुढे मुंबईतल्याच डॉक्टरांनी या जखमांना 'साडी कॅन्सर' म्हणायला सुरुवात केली. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची हकीकत छापली. पहिलीचं वय सत्तर, उजव्या कुशीत दीड वर्ष न भरलेली जखम, भोवतालच्या कातडीचा रंग उडालेला, कंबरेला नाडी घट्ट बांधायची सवय. दुसरी साठीच्या अखेरीला पोचलेली. तिने चाळीस वर्षं रोज लुगडं नेसलं होतं, आत परकर नाही. जखम दोन वर्षांची, आणि तिचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत गेलेला. मी हे वाचेपर्यंत दोष नाडीचा असं समजत होतो आणि नऊवारीला मनातल्या मनात निर्दोष सोडून दिलं होतं. ते खरं नाही. दोष आवळण्याचा.

इथे तोल सांभाळायला हवा. या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या तेव्हा 'साडीमुळे कॅन्सर' असे मथळे झाले आणि दोन दिवस कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरले. कोट्यवधी बायका साडी नेसतात आणि वैद्यकीय नोंदींत आलेले असे रुग्ण अगदी थोडे. वळ म्हणजे कर्करोग मुळीच नव्हे. पण कंबरेवरच्या रेघेत चीर पडून ती महिना-दीड महिन्यात भरली नाही, कड जाड झाली, वास यायला लागला, तर ती पावडर आणि खोबरेल तेलाच्या हवाली करण्यात अर्थ नाही. बाकी उपाय साधे आहेत: नाडीऐवजी रुंद पट्टी, रोज गाठ थोडी वर-खाली, घरी असताना सैल. कंबरेवरची जखम डॉक्टरला दाखवायची म्हणजे नेसूचं सैल करायचं, आणि साठीच्या बाईला ते पुरुष डॉक्टरसमोर नको असतं. मला वाटतं, त्या दीड-दोन वर्षांतले बरेच महिने या संकोचाचे असावेत.

वण ही यापुढची पायरी. फ्रान्सच्या झाँ-निकोला मार्जोलें यांनी १८२८ साली वणांवर उठणाऱ्या जखमांबद्दल लिहिलं. आजही जुन्या वणातल्या कर्करोगाला त्यांचंच नाव आहे. लहानपणी चुलीत किंवा आधणात भाजलं, कातडी आकसून वण झाला. गुडघ्यामागे, कोपरात, टाचेवर असेल तर तो हालचालीने सारखा ताणला जातो, तडकतो, भरतो, तडकतो. पेशींना आयुष्यभर दुरुस्तीचं काम. सरासरी तीसएक वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, एखाद्या वणात ही दुरुस्ती वेडी होते. काश्मीरमध्ये याचं सख्खं भावंड आहे. फेरन या ढगळ अंगरख्याच्या आत मातीच्या भांड्यातले निखारे, म्हणजे कांगडी, पोटाशी-मांड्यांशी धरून हिवाळा काढायचा. विल्यम एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरने १८६६ साली तिथल्या लोकांच्या मांड्यांवरचे, पोटावरचे कर्करोग या शेकाशी जोडले. भाजणं एकदाच मोठं व्हायला हवं असं नाही. मंद आचेवर रोज थोडं थोडंही चालतं.

कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांच्या तळव्यावरच्या जुन्या जखमा, हाडातून वर्षानुवर्षं वाहणारा नासूर, शिरा फुगून पोटरीवर झालेला व्रण, ही सगळी याच घरातली. यांची अडचण अशी की इथे माणसाला जखमेची सवय झालेली असते. न भरणं ही बातमीच उरत नाही. मग पाहायचं काय? तर बदल. सपाट जखमेची कड उचलली जाते, फुलकोबीच्या तुऱ्यासारखं मांस वर येतं, हात लावताच रक्त येतं, घाण वास सुटतो, कधी न दुखणारं दुखायला लागतं, जांघेत किंवा काखेत अवधाण नसलेली गाठ लागते. वणातला कर्करोग उन्हाने होणाऱ्या स्क्वेमसपेक्षा जास्त आक्रमक असतो. म्हणून पट्टी बदलणाऱ्या माणसाचे डोळे इथे डॉक्टरच्या भिंगाइतके मोलाचे.

उन्हाचा स्क्वेमस आपल्याकडे नाहीच असं मात्र कोणी समजू नये. खालचा ओठ, कानाची पाळी, टक्कल, हाताची मागची बाजू. शेतात, होडीवर, रस्त्याच्या कामावर आयुष्य गेलेल्या माणसाच्या या जागा. खरखरीत, काचकागदासारखा चट्टा, मग टणक गाठ, वर पिवळट खपली. कधी त्यावर खरोखरच एक छोटं शिंग उगवतं, नखासारखं कडक. शिंग फुटलं म्हणून लोक हसतात आणि नेलकटरने कापून टाकतात. यातल्या काहींच्या बुडाशी कर्करोग असतो, त्यामुळे ते मुळासकट काढून तपासायला हवं. जन्मतः ज्यांच्या त्वचेत रंगद्रव्यच नाही अशी माणसं, मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, बंगालच्या काही भागांत आर्सेनिकचं पाणी प्यायलेले, यांचा धोका कितीतरी पट जास्त. यांनी त्वचातज्ज्ञाकडे नेमाने जावं, घरगुती ओळखीवर विसंबू नये. आणि एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे, झिरोडर्मा पिगमेंटोजम, ज्यात उन्हाने पेशींतल्या डीएनएला झालेली इजा दुरुस्तच होत नाही. बाळ दोन वर्षांचं होण्याआधी चेहऱ्यावर दाट ठिपके, उजेड सहन न होणं, आणि शाळकरी वयातच कर्करोग. आई-बापांचं आपसांत जवळचं रक्ताचं नातं असलं की तो येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्या समाजाने हे ठाऊक असू द्यावं.

भोवरीकडे आता येतो. मेलॅनोमा गोऱ्या माणसाच्या पाठीवर, पोटरीवर उगवतो. आपल्या लोकांत त्याची आवडती जागा तळपाय आणि नखांखाली. तळव्यावरचा काळा डाग कोणाच्या नजरेत येणार? आलाच तर तो अनवाणी चालून झालेली भोवरी, कुरूप, काट्याचं राहिलेलं टोक, किंवा ठेच लागून साकळलेलं रक्त ठरतो. जगातला सगळ्यात प्रसिद्ध असा रुग्ण म्हणजे जमेकाचा गायक बॉब मार्ले. पायाच्या अंगठ्याची जखम फुटबॉल खेळताना झालेली म्हणून सोडून दिली होती. १९७७ साली नखाखालचा मेलॅनोमा निघाला, आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला. काळ्या माणसाला मेलॅनोमा होत नाही, हा समज जगात अजून आहे.

मेलॅनोमा ओळखण्यासाठी न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली चार अक्षरांचं सूत्र बसवलं, पुढे पाचवं जोडलं. मराठीत ते असं मांडता येईल: डागाचे दोन अर्धे एकमेकांशी न जुळणं, कड फाटकी असणं, एकाच डागात दोन-तीन रंग, पेन्सिलच्या मागच्या खोडरबरापेक्षा, म्हणजे ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आकार, आणि काही महिन्यांत बदल. सूत्र चांगलं आहे, पण ते पाठीवरच्या डागासाठी घडलेलं आहे. तळव्यावर मी त्यातलं शेवटचंच धरून चालतो. भोवरी खरी असेल तर चप्पल बदलल्यावर, तासल्यावर ती कमी होते. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, तेव्हा घाई करून कळत नाही. पण दोन-तीन महिन्यांत डागाच्या मागे, मुळाकडे, स्वच्छ नख दिसायला हवं. ते दिसलं नाही, काळी रेघ मुळापासूनच येत राहिली, रुंद होत गेली, आणि नखाच्या बुडाशी कातडीवरही काळेपणा सांडला, तर थांबू नये. या सांडलेल्या काळ्या रंगाची खूण एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी नोंदवली, आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखतात. मात्र दोन्ही हातांच्या चार-पाच नखांवर बारीक उभ्या तपकिरी रेघा असतील तर सावळ्या माणसात ते बहुधा नैसर्गिक. एकाच नखावरची, नवी, वाढणारी रेघ ही वेगळी.

इतकं वाचून कोणी आरशासमोर बसलं तर त्याला चेहऱ्यावर बरंच काही सापडेल, म्हणून निरुपद्रवी मंडळींचीही ओळख करून देतो. गालांवर, डोळ्यांखाली चाळिशीनंतर येणारे बारीक काळे दाणे, आईला होते तसेच आपल्याला, हे गडद त्वचेचं, घराण्यात चालत येणारं लक्षण. त्यांना लांबलचक लॅटिन नाव आहे आणि त्यांचा कर्करोगाशी संबंध नाही. पाठीवर, छातीवर मेणाचा थेंब चिकटवल्यासारखे खरखरीत तपकिरी डाग वयाबरोबर येतात, तेही तसेच. मानेवर लोंबणाऱ्या चामखिळी, छातीवरचे लाल तीळ, गालावरचं वांग, पांढरं कोड, ही सगळी निरपराध. कर्करोग सहसा एकटा असतो, त्याच्या भावंडांचा थवा नसतो. पाठीवर चाळीस डाग असतील आणि एकच बाकीच्यांशी न जुळणारा दिसत असेल, तर बोट त्या एकावर ठेवायचं.

ओळखल्यानंतरची वाट आपल्याकडे जरा बिकट आहे, आणि तिथे माझी खरी तक्रार आहे. सरकारी रुग्णालयात पाटी असते 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. त्या रांगेत उभं राहायला गावाकडचा माणूस बिचकतो. गावातलं कोणी पाहील, काय समजेल? त्यापेक्षा मस काढून देणारा बरा. चुना-सोडा, बिब्ब्याचा चटका, घोड्याचा केस आवळून बांधणं हे जुने प्रकार, आणि शहरात 'दहा मिनिटांत मस गायब' म्हणणारी सौंदर्यालयं, यांची पद्धत वेगळी असली तरी गुन्हा एकच: काढलेला तुकडा कोणीच तपासायला पाठवत नाही. वरचं टोक जळतं, बूड राहतं, आणि त्यावर नव्या कातडीचं झाकण बसतं. जळालेल्या गोष्टीचं निदान कोणत्याही भिंगाखाली होत नाही. तीळ कोणीही काढावा, पण काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. एवढं विचारायला आपण लाजू नये.

आणि 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही समजूत. तीन-चार मिलिमीटरचा तुकडा, एक बधिरतेचं इंजेक्शन, एखादा टाका. याने हे कर्करोग पसरत नाहीत. निदानाला मात्र दुसरा भरवशाचा मार्ग नाही. डर्मोस्कोप नावाचं हातातलं भिंग डॉक्टरला संशय पक्का करायला मदत करतं, काळ्या बेसलमध्ये त्यातून निळसर-करड्या गुठळ्या आणि पानाच्या कातरलेल्या कडेसारखे आकार दिसतात, पण शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा. आजार पसरला असं वाटतं त्याचं कारण सुरी उशिरा लागते हे आहे.

जर्मनीत २००८ पासून ३५ वर्षांपुढच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी त्वचेची तपासणी विम्यातून मिळते. आपल्या प्रमाणात आजार पाहता सगळ्या महाराष्ट्राला रांगेत उभं करण्यात मला शहाणपण दिसत नाही. गर्भाशयमुखाच्या आणि तोंडाच्या कर्करोगासाठीच आधी माणसं आणि पैसा पुरवायला हवा. पण अंग पाहणारी माणसं आपल्याकडे आधीपासून आहेत. दिवाळीच्या पहाटे पाठीला तेल-उटणं लावणारी आई किंवा बायको, म्हाताऱ्या वडिलांच्या पायाची नखं काढणारा मुलगा, आणि महिन्यातून एकदा कानामागचा, टाळूवरचा भाग अगदी जवळून बघणारा न्हावी. अमेरिकेत केशकर्तनकारांना यासाठी शिकवून पाहिलंय. आमच्या गल्लीतल्या दुकानात मी हा विषय काढला तेव्हा कात्री न थांबवता तो म्हणाला, "आम्हाला दिसतं की साहेब. गिऱ्हाइकाला सांगायचं कसं, तेवढं कळत नाही." मी त्याला म्हटलं, रोगाचं नाव घेऊच नका. एवढंच म्हणा, की हे दिवाळीच्या कटिंगला होतं आणि शिमग्यालाही आहे, एकदा दाखवून या.